मोजून दोन चौकोन

१२ मार्च

वन्सं,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागद. कागद फाडून टाकता येतो, पण फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतोच. तेवढ्या भरवशावर लिहिते आहे.

आईंना घेऊन तुम्ही घाईघाईनं निघालात, त्यात त्यांची औषधांची पिशवी इथेच राहिली. तुमच्याकडे येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर ती पाठवली होती, मिळाली असेल. पांढरी गोळी सकाळी, काही खायच्या आधी. अर्धी नाही, पूर्ण. आई अर्धी करून उरलेली उशीखाली ठेवतात, लक्ष असू द्या.

आता मुद्द्याचं. तुमचा दादा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, बाहेरची खोली माणसांनी भरलेली असताना, आई म्हणाल्या, "हिनं माझ्या लेकाला मापून मापून मारलं. दोन चौकोन चॉकलेट द्यायची त्याला. दारात आलेल्याला सुद्धा माणूस यापेक्षा जास्त देतं." सगळे माझ्याकडे बघत होते. आणि तुम्ही, वन्सं, बोटानं सतरंजीचा धागा उसवत बसला होतात. एक शब्द बोलला नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खाल्ला, कारण माझ्यात बोलायचं त्राणच नव्हतं. आज आहे.

तीन वर्षांपूर्वी पहिला झटका आला तेव्हा तुमचा दादा काय खायचा, आठवतंय ना? दुकान बंद करून आला की टीव्हीसमोर बसून चॉकलेटची अख्खी मोठी वडी. बातम्या संपायच्या आत कागदाचा बोळा. झटक्यानंतर मीच डॉक्टरांना म्हटलं, आता हे कायमचं बंद. मी हॉस्पिटलात दिवसभर लोकांना काय खावं काय नाही सांगणारी बाई, घरी तर माझाच कायदा चालणार. डॉक्टरच म्हणाले, "बंद नका करू हो. कडू, काळं असेल ते द्या, थोडं द्या, जेवणानंतर द्या. माणसाला दिवसात वाट बघायला काहीतरी लागतं." दोन चौकोन हा आकडा मी आकाशातून आणला नव्हता. बाकीचं तेल, मीठ, साखर सगळं बसवून त्यात जेवढी जागा उरली, तेवढे दोन.

आणि त्याचं हृदय चॉकलेटानं थांबलं नाही, चॉकलेट न मिळाल्यानं तर नाहीच नाही. पहिल्या झटक्यात स्नायूचा एक भाग मेला होता, तो कधीतरी दगा देणार होता. हे डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं. तुम्ही मान डोलावली होती.

आईंना समजावाल का?

तुमची वहिनी


२ एप्रिल

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी. "आई तुमचं नाव काढू देत नाही. तिची तब्येत बरी आहे. जेवण कमी आहे. तुम्ही स्वतःची काळजी घ्या." परक्याला लिहिल्यासारखं. पण लिहिलंत, हेही नसे थोडके.

जेवण कमी म्हणजे किती कमी? सकाळचं खातात का? त्यांना गरम काही दिलं तर त्या फुंकर घालत बसतात आणि गार झालं की नको म्हणतात. कोमट करूनच पुढे ठेवा. शेजारी बसा, पण ताटाकडे बघू नका. बघितलं की त्यांना वाटतं आपण मोजतोय. माझ्यावर तर तो शिक्काच होता. लग्न होऊन आले, ओट्यावर वजनकाटा ठेवला, आणि आईंनी माझं नाव तराजू ठेवलं. "तराजू, आज तुझ्या नवऱ्याला किती शितं वाढू?" हसत म्हणायच्या. मीही हसायचे. आम्ही दोघी हसायचो, वन्सं. त्या बैठकीत बसलेल्या कुणाला हे खरं वाटणार नाही. पण दुपारी तुमचा दादा दुकानात आणि माझी सुट्टी असली, की एका पलंगावर दोघी आडव्या पडून गावभरच्या चौकशा करायचो. मला आई नाही हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे नव्हती, मग बारा वर्षं होती, आता पुन्हा नाही.

मी कामावर जायला लागले. काल एक आजीबाई, हृदयाच्याच, मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "बाई, मी चॉकलेट खाऊ का गं कधी?" मी म्हटलं, "खा की. कडू घ्या, दोन चौकोन, जेवण झाल्यावर. उभ्याउभ्या नाही, बसून. चावू नका, विरघळू द्या." आवाज अगदी नेहमीचा होता. मग कोठीच्या खोलीत गेले आणि दूधपावडरीच्या डब्यांच्या मधे उभी राहून रडले.

कारण हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलेले नाही. तुमच्या दादाकडून शिकले. पहिला महिनाभर त्यानं माझा जीव खाल्ला. "दोन? दोन म्हणजे दाताला तरी पुरतात का?" मुलासारखा रुसायचा. मग एका रविवारी जेवण झालं, त्यानं पहिला चौकोन तोंडात ठेवला, मी काहीतरी विजेच्या बिलाचं बोलत होते, तर हात वर करून म्हणाला, "थांब. विरघळतंय." डोळे मिटलेले. खूप वेळानं उघडले आणि म्हणाला, "अगं, इतकी वर्षं मी नुसता गिळत होतो. चव आत्ता कळली." तेव्हापासून रविवारी त्या वेळात आम्ही बोलायचो नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. अति तिथे माती हे सगळेच म्हणतात, पण थोड्यात एवढं सुख असतं हे मला त्याच्या तोंडावर दिसायचं. त्याला उपाशी ठेवलं म्हणतात आई. तुम्ही एकदा बघायला हवं होतं.

घर फार मोठं झालंय. आईंना म्हणावं, बोलू नका माझ्याशी, शिव्या द्या, पण या. त्यांची खोली झाडून ठेवते रोज.

तुमची वहिनी


१९ एप्रिल

वन्सं,

आज जे लिहिते आहे ते बसून वाचा. आई जवळ असतील तर दुसऱ्या खोलीत जा.

दुकान रिकामं करायला गेले होते. नवा भाडेकरू जूनच्या एक तारखेपासून येतोय. चष्म्यांच्या फ्रेमा एका व्यापाऱ्यानं नेल्या, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मी काढून घेतला. राहिला टेबलाचा खालचा ड्रॉवर. कुलूपबंद. किल्ली कुठे मिळेना, म्हणून शेजारच्या किल्लीवाल्याला बोलावलं. त्यानं कुलूपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, उघडायलाच पाहिजे का?"

एका क्षणात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते तुम्हाला सांगत नाही.

उघडला. आत चॉकलेट. वड्यांचे मोठेमोठे तुकडे, चांदीच्या कागदात, वरून चष्मा पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळलेले. एकावर एक रचलेले, ड्रॉवर भरून. तळाशी होते ते पांढुरके पडलेले, चॉकलेट फार दिवस राहिलं की पडतं तसे. वरचे चकचकीत होते. मी मोजले नाहीत. मी, वन्सं, आणि मोजले नाहीत.

फडकी आईंची होती. निळ्या काठाची, त्यांनी स्वतः शिवलेली.

दिवाळीपासून आईंच्या चष्म्याचा स्क्रू रोज सैल व्हायचा, आठवतंय? रोज सकाळी दारात हाक, "अरे, एवढा घट्ट करून आण रे." चष्म्याची डबी त्याच्या हातात. दिवसभर जुना चष्मा लावून बसायच्या, संध्याकाळी डबी परत. मी सगळ्यांना सांगत सुटायचे, चष्मेवाल्याच्याच आईचा चष्मा कधी धड नसतो. तुम्ही तर त्यांना नवी फ्रेम पाठवलीत, तिचाही स्क्रू आठवड्यात सैल! माझ्या नाकासमोरून, रोज, त्या डबीतून चॉकलेट जात होतं. आणि मी एक एक चमचा तेल मोजत होते.

मी तिथेच स्टुलावर बसले. खरं सांगते, आधी संताप आला. माझ्याकडे बोट दाखवणाऱ्या बाईनंच स्वतःच्या हातानं हे केलं! मग लक्षात आलं, की हे सगळं इथेच आहे. सगळंच्या सगळं. त्यानं खाल्लं कुठे?

किल्लीवाला म्हणाला, "खायचे नाहीत ते. तुमच्या डब्यातले दोन खायचे, दुपारी, शटर अर्धं ओढून. त्या वेळात गिऱ्हाईक आलं तरी मला खूण करायचे, थांबव म्हणून. आईंचं आलं की ड्रॉवरमधे. मी म्हटलं एकदा, अहो परत तरी द्या. तर म्हणाले, परत दिलं तर आई रडेल, खाल्लं तर बायको रडेल. ड्रॉवर बिचारा कुणालाच काही बोलत नाही." मी विचारलं, "मग टाकून का नाही दिलं?" तो म्हणाला, "मी पण तेच विचारलं. म्हणाले, आईनं दिलेलं टाकवत नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत करून ठेवली होती आम्ही दोघींनी त्याची, आणि हा पठ्ठ्या शांतपणे ड्रॉवर लावून चष्मे विकत होता. घरी येऊन आईंना म्हणायचा, मस्त होतं. मला म्हणायचा, दोनच खाल्ले. मला म्हणायचा ते खरं होतं, वन्सं. अडवणारं कुणी नव्हतं, मीही तिथे नव्हते, समोर चॉकलेटचा ढीग होता, आणि त्यानं रोज दोनच खाल्ले. मी त्याला उपाशी ठेवलं नव्हतं. त्याला तेवढंच हवं होतं.

आणि अजून एक. टेबलावर डबी होती. तो दुकानात कोसळला त्या दिवशीची. चष्मा बाहेर काढलेला, आतला तुकडा तसाच. ड्रॉवरमधे ठेवायलाही वेळ मिळाला नाही त्याला.

आईंना सांगा. हातच्या कांकणाला आरसा कशाला, हवं तर ड्रॉवरच्या ड्रॉवर घेऊन येते. त्यांच्या देण्यानं तो गेला नाही, माझ्या न देण्यानंही नाही. सांगा त्यांना, आणि घरी पाठवा.

तुमची वहिनी


६ मे

वन्सं,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. या वेळी लांब लिहिलंत. त्या दिवशी गप्प बसल्याबद्दल जे लिहिलंय ते मिळालं, आता त्यावर पुन्हा बोलायचं नाही आपण.

तुम्ही ड्रॉवरचं लगेच सांगितलं नाहीत, आधी नुसतं विचारलंत, "आई, तू दादाला डबीतून काय द्यायचीस गं?" हे तुम्ही फार शहाणपणाचं केलंत. आणि त्यावर आई हसल्या, हे वाचून मी कागद खाली ठेवला. तो गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या, असं तुम्ही लिहिता. "द्यायचे मी! त्या तराजूला ताकास तूर लागू दिली नाही आम्ही मायलेकांनी. संध्याकाळी यायचा, डबी माझ्या हातात ठेवायचा, कानाशी येऊन म्हणायचा, आई, आज मजा आली. तिच्या दोन चौकोनांवर राहिला असता तर तळमळत गेला असता. माझ्यामुळे तृप्त होऊन गेला माझा लेक." मग त्या जेवायला बसल्या आणि तुम्ही वाढलेलं सगळं खाल्लं. दुसऱ्यांदा मागून घेतलं.

आता तुम्ही मला विचारता, सांगू का? सांगितलं तर चार दिवस रडेल, पण वहिनी, मग तिचा तुमच्यावरचा राग राहणार नाही, ती घरी येईल, मी स्वतः आणून सोडेन. नाही सांगितलं तर ती तुमच्या दारात पाय ठेवणार नाही, तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणाल तसं.

माझ्यावर टाकलंत. टाकणं बरोबरच आहे.

सांगा. असं मी लिहिणार आहे. मला त्या हव्यात. संध्याकाळी कुलूप काढून आत शिरते आणि कुणी विचारत नाही, "आज किती जणांचं खाणं तोडून आलीस?" मला माझं नाव धुऊन हवंय. मी माझ्या नवऱ्याला मारलं नाही, एवढं एका माणसाकडून ऐकायचंय, आणि ते माणूस तुम्ही नव्हे, वन्सं, रागावू नका. त्याच माणसाकडून ऐकायचंय. सांगा, आणि


(सकाळी)

काल लिहिता लिहिता थांबले. त्यांची खोली झाडायला गेले आणि तिथेच बसून राहिले.

समजा तुम्ही सांगितलंत. त्या येतील. माफी मागतील, दोन हात जोडतील, मला ते बघवणार नाही, तेही होऊन जाईल. मग रात्री दिवा घालवला की त्यांच्याकडे काय उरेल? रोज सकाळी दारात उभं राहून, सुनेची नजर चुकवून, फडक्यात गुंडाळून दिलेलं सगळं एका ड्रॉवरमधे पांढरं पडत होतं. कानाशी येऊन म्हणायचा ती मजा खोटी. त्यानं प्रेमानं फसवलं, हे मला कळतं, कारण माझ्याकडे रविवारची दुपार आहे. त्याचे मिटलेले डोळे आहेत. शटर अर्धं ओढून माझे दोन चौकोन खाणारा माणूस मला किल्लीवाल्यानं दिला. माझ्याजवळ खूप आहे, वन्सं. त्यांच्याजवळ ही एवढी डबीच आहे.

आणि त्या जेवल्या. तुम्हीच लिहिलंय, मागून घेतलं.

आज उजाडताच मी दुकानात गेले आणि तळाचा एक तुकडा तोंडात टाकला. खराब झालेला नव्हता. दूध आणि साखर, गोड मिट्ट, त्याला लहानपणी आवडत असणार तसा. मी तो चावला नाही. बाकीचे घेऊन किल्लीवाला कुठे गेला ते मी विचारलं नाही. ड्रॉवर पुसून ठेवलाय.

नका सांगू. कधीच नका सांगू. आज नाही, आजारपणात नाही, माझ्याबद्दल काही वाईट बोलतील तेव्हा तर मुळीच नाही. मला माहीत आहे याचा अर्थ काय होतो. मी पुन्हा पुन्हा विचार करून लिहिते आहे. त्या येणार नाहीत.

सोबत वेगळा कागद आहे. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, तेव्हा तुम्हीच वाचून दाखवा. वाचताना आवाज हलू देऊ नका. नंतर कागद त्यांच्याजवळच ठेवा, मागतील तर.

वहिनी


आई,

तुम्ही माझं नाव काढू देत नाही, तरी एवढं ऐकून घ्या.

मी दुकान आवरायला गेले होते. शेजारच्या किल्लीवाल्यानं मला सगळं सांगितलं. डबीतून रोज खाऊ यायचा म्हणे. मला पत्ता नव्हता. तुम्ही दोघांनी मला चांगलंच बनवलंत. आधी राग आला, आता नाही.

तो म्हणाला, डबी उघडली की यांना दम निघायचा नाही. गिऱ्हाईक समोर असलं तरी पाठ फिरवून खायचे. फडकं झटकून बघायचे, एखादा कण राहिला असेल तर बोटानं टिपून घ्यायचे. म्हणायचे, हे आईचं आहे, यातलं कुणाला देणार नाही. मी सगळं दुकान रिकामं केलं, आई. कोपरान् कोपरा बघितला. कुठेही एक तुकडासुद्धा उरलेला नव्हता.

त्या दिवशीची डबी टेबलावर होती. तीही रिकामी होती. हॉस्पिटलात मी त्याचं तोंड पुसलं, तेव्हा ओठाच्या कडेला चॉकलेट लागलेलं होतं. मला तेव्हा कळलं नाही ते कुठलं. आता कळलं.

मी मोजून देत होते हे खरं आहे. तुम्ही बोललात ते मी धरून बसलेली नाही.

तो उपाशी गेला नाही, आई. तुम्ही वेळेवर जेवत जा.